ख्रिस्तपुराणांतील ‘स्वामी’

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाचें नांव निघालें कीं मराठी भाषेच्या स्तुतीच्या ओव्या पुढें येतात. शाळेच्या क्रमिक पुस्तकांत त्याच, सभेच्या व्यासपीठावर त्याच, आणि कित्येकदां विद्वानांच्या प्रस्तावनांतही त्याच. या ओव्या गोड आहेत, हें आम्हांस मान्य आहे. परंतु ज्या ग्रंथांत सुमारें अकरा हजार ओव्या आहेत, त्यांतील चार-पांच म्हणून दाखवून बाकीच्या मिटून ठेवणें ही ग्रंथाची पूजा झाली, वाचन नव्हे. स्टीफन्सनें हा ग्रंथ मराठीची थोरवी गाण्यासाठीं रचला नाहीं. एका स्वामीची ओळख करून देण्यासाठीं आणि त्याला शरण कसें जावें हें सांगण्यासाठीं त्यानें तो रचला. त्या ‘स्वामी’ शब्दाची परीक्षा कोणी फारशी केलेली नाहीं. ती येथें थोडक्यांत करून पाहण्याचा आमचा हेतु आहे.

ग्रंथाची बाह्य माहिती वाचकांस बहुधा ठाऊक असेलच, तरी संदर्भापुरती देतों. स्टीफन्स हा इंग्रज येशुसंघी सन १५७९ मध्यें गोव्यास आला आणि सन १६१९ मध्यें वारला. त्याची बहुतेक हयात गोमंतकांतील साष्टींत गेली. ही आमच्या ठाण्याकडील साष्टी नव्हे, हें येथील वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुराण प्रथम सन १६१६ मध्यें राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. पुढें सन १६४९ व १६५४ मध्यें आणखी दोन आवृत्त्या निघाल्या; परंतु या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. हस्तलिखितांनीं ग्रंथ जगविला. सन १९०७ मध्यें सालढाणा यांनीं मंगळुरास तो रोमन लिपींत छापला, सन १९५६ मध्यें बंडेलू यांनीं देवनागरींत आणला, आणि त्यानंतर सन १९९६ मध्यें द्रागो यांची व सन २००९ मध्यें फाल्कांव यांची आवृत्ति झाली. लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी पोथी या सर्वांहून निराळी आहे. रोमन प्रतींत जेथें पोर्तुगीज शब्द आहेत तेथें पुष्कळदां तींत संस्कृत शब्द येतात, हा तिचा विशेष अभ्यासकांनीं पूर्वींच नमूद केला आहे.

आतां शब्दाकडे वळूं. ख्रिस्तास ‘स्वामी’ म्हणण्याचा स्टीफन्सचा प्रघात गोमंतकांत इतका रुजला कीं, आजही कोंकणी ख्रिस्ती प्रार्थनेंत त्याचेंच ‘सोमी’ हें रूप नित्य ऐकूं येतें. पुढें एकोणिसाव्या शतकांत मराठींत शास्त्राचीं भाषांतरें झालीं, त्यांत मात्र ‘प्रभु’ हा शब्द स्थिर झाला. दोन्ही शब्द एकाच अर्थाचे समजण्याची रीत आहे. आम्ही अनेक वर्षें मुलांस संस्कृत शिकविलें. त्या संवयीनें आम्हांस यांत भेद दिसतो. ‘प्रभु’ म्हणजे समर्थ. तो समर्थ असण्यास दुसऱ्या कोणाची गरज नाहीं. ‘स्वामी’ शब्दाच्या पोटांत मात्र ‘स्व’ आहे. पाणिनीनें हा शब्द ऐश्वर्याच्या अर्थीं निपातनानें सिद्ध केला, आणि वैयाकरणांनीं षष्ठीचे अर्थ सांगतांना स्वस्वामिभाव हा संबंध प्रमुख मानला. ज्याचें कांहीं ‘स्व’ आहे तो स्वामी. म्हणून एखाद्यास प्रभु म्हणून दूर उभें राहतां येतें. स्वामी म्हटलें कीं ‘मग तूं कोणाचा?’ हा प्रश्न म्हणणाऱ्यावरच उलटतो. ख्रिस्ताच्या स्वामित्वाचें सर्व मर्म या प्रश्नांत आहे, असें आमचें मत आहे.

जुने कागद चाळणाऱ्यांस या शब्दाचा दुसरा संसारही परिचित आहे. ‘स्वामींचे सेवेसी’, ‘विज्ञापना’, ‘आज्ञाधारक’ हे शब्द ज्या पत्रांत येतात तेथें स्वामी हा अन्न देणारा, रक्षण करणारा आणि चाकरी घेणारा धनी असतो. ही चाकरी कराराची असे. आम्ही राहतों त्या शेणव्याच्या तालुक्यांतच माहुलीचा किल्ला आहे. सन १६३६ मध्यें मोंगल व आदिलशाही फौजांनीं वेढा दिल्यावर शहाजीराजांनीं निजामशाहीचा बालवारस स्वाधीन केला आणि ते आदिलशाही चाकरींत गेले. राचोलीस पुराण छापलें जाऊन तेव्हां वीसच वर्षें झालीं होतीं. त्या काळच्या श्रोत्याच्या कानांत ‘शरण जाणें’ या शब्दांत माहुलीचा हा अर्थही होताच. बळ संपलें म्हणजे अटी ठरवून धनी बदलावयाचा. यांत निंदा नाहीं. राजकारणांतील शरणागति ती हीच.

येथेंच ग्रंथावरील सर्वांत कठीण आक्षेप उभा राहतो. ज्या श्रोत्यांस स्टीफन्स नव्या स्वामीची कथा सांगत होता त्यांची शरणागति माहुलीच्या जातीची होती कीं निराळी? साष्टींतील देवळें सन १५६७ मध्यें पाडण्यांत आलीं. गोव्यांत धर्मन्यायासन सन १५६० पासून चालूं होतें. सन १५८३ मध्यें कुंकळ्ळीस पांच पाद्री मारले गेले, आणि त्याचा सूड म्हणून तेथील मुखंडांस पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं विश्वासघातानें मारलें. खुद्द पुराणाचा आरंभच याची साक्ष देतो. एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीस म्हणतो कीं, तुम्हीं आमचीं पूर्वींचीं पुराणें बंद केलीं, तर त्यांच्या जागीं दुसरें पुराण कां देत नाहीं? कवीनें ही विनंती गौरवानें मांडली आहे. आम्हांस तींत रित्या झालेल्या घराची हांक ऐकूं येते. स्टीफन्सच्या भाषाप्रेमाचें कौतुक करणाऱ्यांनीं ही हांक वगळूं नये, आणि त्यास केवळ राज्यकर्त्यांचा हस्तक ठरविणाऱ्यांनीं पुढील गोष्ट वगळूं नये.

ती गोष्ट ही कीं, जी कथा हा ग्रंथ सांगूं पाहतो तीच बळाच्या शरणागतीविरुद्ध जाते. शुभवर्तमानांतील हा स्वामी घोड्यावर नव्हे, गाढवावर बसून नगरांत येतो. भोजनाचे वेळीं उठून शिष्यांचे पाय धुतो. रोमी सुभेदारापुढें, आपलें राज्य या जगाचें नाहीं, तसें असतें तर आपले चाकर लढले असते, या आशयाचें उत्तर देतो. ज्या स्वामीनें आपल्यासाठीं तरवार उपसूं दिली नाहीं, त्याच्या नांवानें ती उपसली गेली, हा साष्टीचा इतिहास. कवि त्याच व्यवस्थेचा माणूस होता, तरी त्याची कथा त्या व्यवस्थेचा निवाडा करते. ग्रंथाचें मोठेपण आम्ही येथें पाहतों. भाषेचा प्रश्नही यांतच आला. ज्या सत्तेच्या छत्राखालीं हें पुराण छापलें गेलें, तिनेंच सन १६८४ मध्यें देशी भाषेविरुद्ध फर्मान काढलें. स्वामीची ओळख लोकांच्या वाणींत करून देण्याचा स्टीफन्सचा मार्ग त्याच्या वरिष्ठ सत्तेस शेवटीं मानवला नाहीं.

‘दास’ या शब्दाविषयींही असेंच म्हणावें लागतें. मराठींत दास म्हटलें कीं समर्थांचें नांव आठवतें, नवविधा भक्तींतील दास्य आठवतें; शब्द ऐकतांच मान आदरानें लवते. पौलानें स्वतःस लावलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र बाजारांत विकला गेलेला गुलाम असा आहे. आपल्या ठाणे जिल्ह्यांत त्याच्या जवळची वस्तु ‘लग्नगडी’ ही होती. लग्नासाठीं सावकाराचें कर्ज काढावयाचें आणि तें फिटेपर्यंत नवराबायकोनीं त्याच्या घरीं राबावयाचें. बहुधा तें फिटत नसे. सन १९४५ च्या वारल्यांच्या उठावानें या पद्धतीवर घाव घातला. पौलाच्या वाक्यांत लग्नगड्याचें ओझें ऐकूं आल्याखेरीज त्याचा अर्थ उलगडत नाहीं. कारण तो म्हणतो तें असें कीं, येथें किंमत गुलामानें नव्हे, धन्यानें भरली आहे. सावकाराचा गडी कर्जामुळें बांधला जातो. हा दास कर्ज फिटल्यामुळें बांधला जातो. ‘दास’ शब्दाच्या सोज्वळपणांत हा विरोध मराठी वाचकास दिसेनासा होतो, ही भाषांतराची हानि आहे.

ही शरणागति मराठींत बळाच्या छायेबाहेर पाहावयाची असल्यास रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्याकडे जावें लागतें. सन १८९५ मध्यें त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हां त्यांच्यावर कोणा राजाची सक्ति नव्हती. उलट घर व जात तुटलीं. सन १९१७ मध्यें त्यांनीं मिशनचें वेतनही सोडलें आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा झालेले व न झालेले, दोघांसही तेथें वाव होता. ‘दरबार’ हा शब्द स्वामी व सेवक यांच्या त्याच जुन्या कागदपत्रांतला. परंतु येथें त्याचा अर्थ असा झाला कीं, एका स्वामीस शरण गेल्यावर इतर धन्यांची चाकरी सुटते. टिळक सन १९१९ मध्यें वारले. त्यांचें अपुरें ख्रिस्तायन लक्ष्मीबाईंनीं पुढें रचीत नेलें. स्टीफन्सच्या पुराणांत जो अर्थ सत्तेच्या सावलींत होता, तो तीनशें वर्षांनीं साताऱ्यास उघड्यावर आला, असें आम्हांस वाटतें.

आमची विनंती पोथ्या बाळगणाऱ्यांस आहे. ख्रिस्तपुराणाच्या ज्या प्रति आपणांपाशीं असतील त्यांत ‘स्वामी’, ‘प्रभु’, ‘राजा’, ‘सेवक’ व ‘दास’ हे शब्द कोठें, कोणाच्या तोंडीं आणि कोणत्या प्रसंगीं येतात याची टिपणें करावींत, आणि रोमन व मार्सडेन पाठांत ते कोठें बदलतात हें पाहावें. पाय धुण्याच्या प्रसंगीं स्वामी शब्द कायम आहे कीं नाहीं, एवढें एक स्थळ तपासलें तरी आमच्या वरील विवेचनाची कसोटी लागेल. तें प्रतिकूल निघाल्यास आमचें म्हणणें आम्ही मागें घेऊं. स्तुतीच्या ओव्या पाठ आहेतच. आतां उरलेला ग्रंथ उघडावा.