उंबऱ्याबाहेरचे ‘अधांतर’

जयंत पवारांचे ‘अधांतर’ हे नाटक यंदा दिवाळीच्या सुटीत, इथे नांदगावी, मी पुन्हा वाचले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणीसंपाने धुरी कुटुंबाची जी वाताहत केली, ती लेखकाने चाळीतल्या एका खोलीत उभी केली आहे. मन गलबलून जाते. तरी एक गोष्ट सलत राहते. गिरणगाव नुसते खोल्यांचे नव्हते. तालमी, भजनी मंडळे, वाचनालये यांचेही होते. चाळ पाडून टॉवर उठला की भाडेकरूला सदनिका मिळते. मंडळाच्या जागेला मात्र पुष्कळदा कागदच नसतो. मग गुंडगिरीकडे वळणाऱ्या नरूसारख्या पोराने संध्याकाळी जावे कुठे? वाचकहो, त्या उंबऱ्याबाहेरचे नाटक अजून कुणीतरी लिहायला हवे.