अवघडलेपणाचा हक्क
२०११ साली ईसा रे या कृष्णवर्णीय तरुणीने यूट्यूबवर 'द मिसॲडव्हेंचर्स ऑफ ऑक्वर्ड ब्लॅक गर्ल' ही मालिका सुरू केली. पैसा संपला तेव्हा प्रेक्षकांनीच ५०,००० डॉलरहून अधिक वर्गणी उभी केली. एचबीओचे दार २०१६ साली उघडले, ते मागाहून. पण महत्त्वाची आहे ती नायिका जे. ती ना पीडित, ना रणरागिणी. वजन घटवण्याच्या गोळ्या विकणाऱ्या कंपनीत फोन घेणारी, व्हरांड्यात तोच माणूस पुन्हा समोर आला की काय बोलावे म्हणून गोंधळणारी. प्रस्थापित पडद्याने कृष्णवर्णीय स्त्रीला एवढे साधे अवघडलेपणही नाकारले होते. आमचा विद्यार्थी लिहायला बसला की त्याच्याकडे वेदनाच मागितली जाते. आम्हीही मागतो, हे कबूल केले पाहिजे. ही मालिका पाहून एकाने वसतिगृहाच्या मेसमधल्या रांगेवर प्रसंग लिहिला. त्यात कोणी रडत नाही.