अंतकाळीच्या उपचारांचा मसुदा : एक परीक्षण

मरणासन्न रुग्णांचे कृत्रिम जीवनाधार काढून घेण्याविषयीचा मसुदा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२४ च्या सप्टेंबरअखेर प्रसिद्ध केला व २० ऑक्टोबरपर्यंत लोकांची मते मागविली. अवधी जेमतेम तीन आठवड्यांचा, आणि मसुदा इंग्रजीत! बडोद्यात मांडवीच्या आसपास घरी मराठी व रस्त्यावर गुजराती बोलणारी कुटुंबे आहेत. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर हा निर्णय त्यांनाच करावा लागतो. त्यांचे मत कोणी घेतले?

मसुद्याचा गाभा आम्हांस मान्य आहे. प्राण घेण्याची मुभा त्यात नाही. निष्फळ उपचार थांबविण्याची आहे. १९८० साली व्हॅटिकनने काढलेल्या दयामरणविषयक घोषणापत्रातही हाच भेद केलेला आहे : मरण अटळ झाले असता केवळ यातना लांबविणारे उपचार नाकारता येतात, नित्याची शुश्रूषा मात्र सोडता येत नाही. दोन वैद्यकीय मंडळांची रचना सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ व २०२३ च्या निर्णयांना धरून आहे. डॉक्टरांवर ताण येईल, अशी तक्रार भारतीय वैद्यक संघटनेच्या अध्यक्षांनी केली. ताण येईलच, परंतु निर्णयाचा भार एकट्याच्या शिरावर नसणे हे वैद्याच्याही हिताचे नव्हे काय?

आमचा आक्षेप निराळा आहे. मेंदूच्या अतिगंभीर इजेनंतर ७२ तास वा अधिक काळ सुधारणा न दिसल्यास तो रुग्णही मसुद्याने मरणासन्नांत धरला आहे. तीन दिवसांत पुष्कळ घरांची शिल्लक संपते. मग उपचारांना दिलेल्या नकाराची रीतसर नोंद होते. तो नकार रुग्णाच्या इच्छेचा की रिकाम्या खिशाचा, हे त्या नोंदीवरून कसे कळावे?

येथे अरुणा शानबाग यांची आठवण होते. १९७३ च्या अत्याचारानंतर २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली, आणि अन्न बंद करण्याविषयीच्या याचिकेला विरोधही केला. २०११ मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली. अरुणाबाई मरणासन्न नव्हत्या, हे खरेच. पण त्यांच्यापाशी माणसे होती. मांडवीतल्या जिन्यावरच्या खोलीत परत आणलेल्या रुग्णापाशी कोण असेल? वेदना शमवावी असे लिहिणे सोपे. मॉर्फीन कोठे मिळते, हे किती धर्मशिक्षकांना सांगता येईल?

आणखी एक. तैलाभ्यंगासाठी धर्मगुरूंना बहुधा सह्या झाल्यावर बोलावणे येते. ते मंडळ बसण्यापूर्वी, रुग्णाला बोलता येत असताना यावयास हवे.