डहाणूचीं दोन चित्रें

नकाशा हें शास्त्र आणि चित्र ही कला, अशी एक सोयीची वांटणी आपण शाळेंतच करून घेतों. नकाशाला तो बरोबर आहे कीं चूक एवढेंच विचारावयाचें आणि चित्राला तें आवडलें कीं नाहीं एवढेंच. परंतु तीन-चारशें वर्षांपूर्वींचे सचित्र नकाशे समोर आले म्हणजे ही वांटणी डळमळूं लागते. त्यांत तट असतात, तटाआड कौलारू घरें असतात, पाण्यांत गलबतें असतात आणि झाडें मोजून लावल्यासारखीं उभीं असतात. अशा कृतींचा विचार भूगोलाच्या शिक्षकांवर सोंपवून साहित्याच्या मासिकानें मोकळें व्हावें, हें आम्हांस योग्य वाटत नाहीं. ग्रंथ वाचतांना ग्रंथकर्त्यानें काय सांगितलें याबरोबरच काय गाळलें हेंहि पाहावें लागतें. हे नकाशेहि तसेच वाचावे लागतात.

या जातीचा एक प्रसिद्ध नमुना अमेरिकेंतील आहे. आजचें न्यूयॉर्क डचांच्या ताब्यांत न्यू ॲम्स्टरडॅम या नांवानें होतें, तेव्हां १६६० सालीं जाक कोर्तेल्यू या भूमापकानें त्याचा आराखडा केला. त्याची एक रंगीत नक्कल पुढें फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याकडे गेली आणि तेथील कास्तेलो नांवाच्या वाड्यांत १९०० सालीं सांपडली. म्हणून तिला कास्तेलोचा नकाशा म्हणतात. त्यांत घरन् घर दिसतें, परसांतील बागांचे वाफे दिसतात, आणि जिच्यावरून वॉल स्ट्रीट हें नांव पडलें ती उत्तरेकडील कुंपणाची भिंतहि दिसते. ज्या लेनापी लोकांची ती मूळ भूमि, ते मात्र त्यांत दिसत नाहींत.

याहून पंचवीस वर्षांनीं जुना असा एक चित्रग्रंथ आपल्या किनाऱ्याचाहि आहे. गोव्याच्या पोर्तुगीज दफ्तरखान्याचा रक्षक व बखरकार अंतोनियु बोकार्रू यानें १६३५ सालीं राजाज्ञेवरून पूर्वेकडील पोर्तुगीज किल्ले, शहरें व वस्त्या यांचें सविस्तर वर्णन सिद्ध केलें. त्यास जोडलेलीं रंगीत चित्रें पेद्रू बार्रेतु द रेझेंद याचीं आहेत. हें हस्तलिखित आज पोर्तुगालांतील एव्होरा येथील ग्रंथालयांत आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून चीनजवळच्या मकावपर्यंतचीं ठाणीं त्यांत आलीं आहेत, आणि दमण व वसई या दोन मोठ्या ठाण्यांच्या मधलें आपलें डहाणूहि त्याच मालिकेंतलें.

या चित्रांचें सौंदर्य आम्ही मुळींच नाकारीत नाहीं. चित्रकार आकाशांतून पाहिल्यासारखी जमीन पसरून देतो. घरें व देवळें मात्र समोरून पाहिल्यासारखीं उभीं करतो. एकाच पानावर दोन दृष्टि नांदतात आणि डोळ्यास त्याचें कांहींच वाटत नाहीं. प्रमाण एक नाहीं. जें महत्त्वाचें तें मोठें. किल्ला पान व्यापतो आणि भोंवतालचा मुलूख कांठाकडे सरतो. सोबतचा मजकूर वाचला म्हणजे असें कां, हें कळतें. तट केवढा, तोफा किती, विवाहित पोर्तुगीजांचीं कुटुंबें किती, शिबंदीचा खर्च काय, उत्पन्न काय, हे त्या मजकुराचे विषय आहेत. दूरच्या राजाला आपलीं ठाणीं किती बळकट आहेत आणि किती फायद्याचीं आहेत हें जाणून घ्यावयाचें होतें. चित्रकारानें त्या प्रश्नाचें उत्तर प्रामाणिकपणें दिलें. खाडीपासून सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंतचें जंगल, त्यांतले पाडे, तेथील माणसें यांविषयीं त्याला कोणी विचारलेंच नव्हतें. या चित्राला खोटें म्हणणें अन्यायाचें होईल. त्याला डहाणूचें संपूर्ण चित्र म्हणणें हाहि तितकाच अन्याय आहे.

प्रश्न बदलला म्हणजे तीच जागा कशी वेगळी दिसते याचा दाखला डहाणूपुरता तरी फार जुना आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानें ज्या नद्यांवर लोकांसाठीं फुकट नावा ठेवल्या, त्यांत दमणा व तापी यांच्याबरोबर दाहनुका ही नदीहि येते. तो काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचा. त्या दात्यानें डहाणूचें पाणी लोकांनीं ओलांडावयाचें म्हणून पाहिलें. पोर्तुगीज कारभाऱ्यानें तेंच पाणी राखावयाचें म्हणून पाहिलें. आणि ज्या किल्ल्याची एवढ्या निगुतीनें नोंद झाली, तो १७३९ सालीं चिमाजी आपांच्या वसईच्या मोहिमेंत मराठ्यांच्या हातीं आला.

आतां दुसऱ्या चित्राकडे वळूं. डहाणू व तलासरी या तालुक्यांत वारल्यांच्या घरीं लग्न निघालें म्हणजे सुवासिनी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहितात. भिंत शेणानें सारवून गेरूनें रंगविलेली असते. मधोमध पालघाट देवी, तिच्याभोंवतीं नक्षीची चौकट, आणि चौकटीबाहेर झाडें, पशुपक्षी, कामांत गुंतलेलीं माणसें. ही परंपरा प्रथम स्त्रियांची आहे, हें विसरतां कामा नये. १९७० नंतरच्या दशकांत भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नानें ती बाहेरच्या जगापुढें आली, आणि डहाणू तालुक्यांतील गंजाड येथील जिव्या सोमा मशे यांनीं ती लग्नविधीच्या भिंतीवरून कागदावर व कापडावर नेली. १९७६ सालीं त्यांस राष्ट्रीय पुरस्कार व २०११ सालीं पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते वारले. त्यांच्या चित्रांतलें मासे धरण्याचें जाळें पाहावें: तें सारा पट व्यापून टाकतें, आणि माणूस त्याच्या कडेला अगदीं लहान उरतो.

रेझेंदचीं पानें आणि ही वारली चित्रें शेजारीं ठेवलीं तर एक गोष्ट ध्यानांत येते. दोहोंतहि क्षितिज महत्त्वाचें नाहीं. दोहोंतहि जमीन वरून आणि माणूस-घर समोरून. दोहोंतहि मोठेपणा अंतरावर नव्हे, महत्त्वावर ठरतो. असें असतां एकाला आपण ऐतिहासिक साधन म्हणून संग्रहालयांत जपतों आणि दुसऱ्याला शोभेची नक्षी म्हणून उशीच्या अभ्र्यावर, साडीच्या कांठावर व चहाच्या पेल्यावर छापतों. हा भेद चित्रांतून निघत नाहीं. तो पाहणाराच सोबत घेऊन येतो.

वाचक म्हणतील, चौक ही पूजा आहे. त्यावरून तलासरीची वाट कशी सांपडणार? आक्षेप बरोबर आहे. चौक हा कोणत्याहि एका पाड्याचा नकाशा नव्हे, आणि त्याला तसें बळेंच म्हणणें म्हणजे त्याचें देवत्व हिरावून घेणें होय. आमचें म्हणणें याहून मर्यादित आहे. एखाद्या भूमींत काय काय आहे, कोण कोणावर अवलंबून आहे आणि तेथें मान कोणाचा, याची नोंद म्हणून वारली चित्र वाचतां येतें. आणि किल्ल्याच्या चित्रांत नेमकी हीच नोंद नाहीं.

ही उणीव कागदावरच राहिली असती तर तिचा एवढा विचार करण्याचें कारण नव्हतें. परंतु इंग्रजी अमलांत, विशेषतः १८७८ च्या जंगल कायद्यानंतर, राखीव जंगलाच्या रेषा ओढल्या गेल्या, सात-बाऱ्यावर सावकार-जमीनदारांचीं नांवें चढलीं, आणि जमीन कसणारा वारली तिच्यावरच कूळ व वेठबिगार ठरला. १९४५ सालीं आजच्या तलासरी तालुक्यांतील झरी येथें वारल्यांची मोठी परिषद भरली आणि वेठ नाकारली गेली. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकांत त्या लढ्याची हकीकत आहे. १९७२ सालीं त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

पुढें २००६ सालीं वनहक्कांचा कायदा झाला. त्याच्या २००८ सालच्या नियमांत सरकारी नकाशांबरोबर घरें व शेताचे बांध, जुन्या विहिरी, दफनाच्या जागा, देवाचीं ठाणीं आणि वृद्धांच्या जबान्या यांनाहि पुरावा म्हणून स्थान मिळालें. समीक्षकाच्या दृष्टीनें ही घटना आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. राज्यानें विचारावयाचा प्रश्नच येथें बदलला. देवाचें ठाणें कोठें, विहीर कोणाची, पूर्वज कोठें पुरले, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांचें ज्ञान आतां केवळ लोककथा म्हणून बाजूस सारतां येत नाहीं.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. डहाणूच्या इतिहासाचें पुस्तक कोणी काढील, तेव्हां त्यानें रेझेंदचें चित्र अवश्य छापावें. पण समोरच्या पानावर एक वारली चौक, तो लिहिणाऱ्या सुवासिनीच्या संमतीनें व तिच्या नांवासह, छापावा. दोहोंखालीं सारख्याच काळजीनें टीप द्यावी: हें कोणी काढलें, कोणासाठीं काढलें, आणि यांत काय आलें नाहीं. घरांतल्या मुलांनीं तीं दोन पानें एकत्र पाहिलीं, तर नकाशा वाचावयाचा कसा हें त्यांस शाळेच्या नकाशापुस्तकाहून अधिक कळेल, असा आमचा विश्वास आहे.