हिशेब कुणापुढे?

निर्वासितांना मदत करणाऱ्या संस्थांविषयी लिहिणारे बहुधा दोनच सूर लावतात. एक कृतज्ञतेचा, दुसरा संशयाचा. बार्बरा हॅरेल-बॉंड या मानवशास्त्रज्ञ बाईंचे १९८६ सालचे 'इम्पोझिंग एड' हे पुस्तक या दोन्ही सुरांत बसत नाही. म्हणून ते जुने झाले असले तरी आपल्या चळवळीतल्या वाचकाने वाचावे असे मला वाटते. वाचून झाल्यावर त्याच्याशी भांडावे, असेही वाटते.

इदी अमीनची राजवट १९७९ मध्ये कोसळली आणि त्यानंतर युगांडातील हजारो माणसे सरहद्द ओलांडून सुदानच्या दक्षिण भागात आली. तेथील येई नदी जिल्ह्यात बाईंनी पाहणी केली. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या वसाहती त्यांनी पाहिल्या, तशीच वसाहतींबाहेर स्थानिकांमध्ये स्वतःच्या बळावर राहणारी माणसेही पाहिली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : पैसा दूरच्या सरकारांकडून येतो, संस्थांच्या हातून खर्च होतो, आणि संस्था हिशेब देते तो देणाऱ्याला. घेणाऱ्याला कुणीच बांधील नाही. देणाऱ्याचा हात सैल व्हावा म्हणून निर्वासित असहाय दाखवावा लागतो. आणि एकदा तसा दाखवला की त्याला तसेच वागवावे लागते. ज्याने पोरेबाळे घेऊन जंगलातून वाट काढली, त्याला स्वतःच्या चुलीची व्यवस्था कळत नाही असे गृहीत धरले जाते.

हे वाचताना मला माझे वसतिगृह आठवले. अनुदानावर चालणारे होते. वर्षातून एकदा पाहुणे येत, आणि आदल्या रात्री अधीक्षक खोलीखोलीतून सांगत फिरत, "उद्या कुणी नवा शर्ट घालायचा नाही." माझ्याकडे एकच नवा शर्ट होता. आईने निंदणीच्या मजुरीतून चौदा एप्रिलसाठी घेतलेला. तो मी पेटीत ठेवला आणि कोपरावर फाटलेला घालून रांगेत उभा राहिलो. फोटो निघाला. अधीक्षक वाईट मनुष्य नव्हते, हे मुद्दाम सांगतो. आमच्या जेवणात आठवड्यातून दोनदा अंडे यावे म्हणून त्यांनी ते केले, आणि अंडे आलेही. पण त्या दिवशी आईची मजुरी मी पेटीत कोंडली, हे मला अजून गिळता येत नाही.

बाईंची मर्यादा मला नेमकी इथे दिसते. संशोधन व्हावे, संस्थांच्या कामाचे परीक्षण व्हावे, म्हणजे मदत सुधारेल, असा त्यांचा भरवसा आहे. हा विद्यापीठातल्या माणसाचा भरवसा. (मीही आता शिकवण्याचाच पगार खातो, तेव्हा टोला मलाही आहे.) आमच्या अधीक्षकांना काही ठाऊक नव्हते असे नाही. ज्या रचनेवर संस्थेचे पोट चालते, तीच रचना तिला फाटका शर्ट मागायला लावते.

अमेरिकेची व्यवस्था या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १९८० च्या निर्वासित कायद्यानंतर तेथील पुनर्वसनाला आजचे रूप आले. सरकार हे काम स्वतः करीत नाही. चर्चशी निगडित आणि इतर संस्थांशी करार करते व माणशी रक्कम देते. २०१० मध्ये ही रक्कम ९०० डॉलरवरून १,८०० डॉलर झाली. त्यातले १,१०० निर्वासिताचे घरभाडे, भांडीकुंडी, अन्न यांसाठी आणि ७०० संस्थेच्या खर्चासाठी. मुदत पहिल्या तीन महिन्यांची. विमानाचे भाडे मात्र निर्वासिताच्या नावावर बिनव्याजी कर्ज म्हणून चढते. त्याची वसुली याच संस्था करतात आणि वसुलीतला हिस्सा त्यांना मिळतो. ज्या हाताने ब्लँकेट दिले, त्याच हाताने हप्त्याची चिठ्ठी!

माणशी पैसा, म्हणजे माणसे आली तर संस्था जगणार. २०१७ या आर्थिक वर्षासाठी प्रवेशाची मर्यादा १,१०,००० होती. २०२१ साठी ती आधी १५,००० वर आणली गेली. मधल्या काळात गावोगावची कार्यालये बंद पडली. जानेवारी २०२५ मध्ये नव्या अध्यक्षांच्या आदेशाने प्रवेशच थांबला. पाठोपाठ संस्थांना काम थांबवण्याचे पत्र गेले, आणि जे आधीच येऊन पोचले होते, ज्यांचे तीन महिनेही सरले नव्हते, त्यांचेही पैसे अडले. त्याच वर्षी कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने सरकारबरोबरचे पुनर्वसनाचे करार पुढे न चालवण्याचे जाहीर केले. २०२६ साठी मर्यादा ७,५०० ठरवली गेली होती. पंचेचाळीस वर्षे चाललेली व्यवस्था एका सहीने आडवी होते, तेव्हा तिच्यात निर्वासिताचा हक्क किती होता आणि देणाऱ्याची मर्जी किती होती, ते उघड होते.

आपल्याला हा प्रश्न नवा नाही. पुणे करारानंतर १९३२ मध्ये निघालेली संस्था पुढे हरिजन सेवक संघ झाली. त्याच नोव्हेंबरात बाबासाहेबांनी बोटीवरून ठक्करांना पत्र लिहून कामाची दिशा सुचवली. कामाला माणसे अस्पृश्यांतूनच घ्यावीत, तीच ते जिव्हाळ्याने करतील, असेही त्यात होते. पत्राची पोचसुद्धा मिळाली नाही. संघाच्या कारभारात अस्पृश्य का नाहीत, असे पुढे विचारले गेले तेव्हा गांधींचे उत्तर होते की हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे आणि पैसाही त्यांचाच आहे, म्हणून कारभारही त्यांनीच करावा. १९४५ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी या संघाची झडती घेतली. हॅरेल-बॉंडबाई जिथे पोचतात, तिथे ते चाळीस वर्षे आधी पोचले होते. आणि परीक्षणाच्या नव्हे, सत्तेच्या भाषेत बोलत होते.

मग अनुदान नाकारावे काय? असे मी म्हणणार नाही. थंडीत उतरलेल्या कुटुंबाला आधी छप्पर लागते. मीही शिष्यवृत्तीवरच शिकलो. पण शिष्यवृत्ती कुणा पाहुण्याच्या कृपेने आली नव्हती. ती लढून नियमात बसवून घेतलेली होती, आणि तिच्यासाठी मला फाटका शर्ट घालावा लागला नाही. उत्पन्नाचा दाखला लागला, तो मी दिला.

'निर्वासितांच्याच संस्थांना पैसा द्या', अशी मागणीही आता होते, आणि अमेरिकेत त्यासाठी वेगळे अनुदानही ठेवले गेले. मागणी रास्त आहे, पण आपण ती डोळे उघडे ठेवून वाचावी. भूतानमधून हाकललेले नेपाळीभाषक लोक पूर्व नेपाळच्या छावण्यांत वर्षानुवर्षे राहिले आणि २००७ नंतर त्यांतले बहुतेक अमेरिकेत गेले. त्यांच्यात कामी, दमाई, सार्की या दलित जातीही आहेत. अर्जाच्या रकान्यात मात्र एकच शब्द बसतो, 'भूतानी'. त्या शब्दाच्या वतीने सही कोण करतो?

२०२५ च्या फेब्रुवारीत सिएटलच्या संघीय न्यायालयात या बंदीविरुद्ध दावा दाखल झाला. त्यात तीन संस्था वादी आहेत, आणि त्यांच्या जोडीला काही निर्वासितही वादी आहेत. अहवालातले 'लाभार्थी' इथे दाव्याचे धनी झाले आहेत. तो दावा मी बातम्यांतून जमेल तसा वाचतो आहे.