संदेश संवादात, साचा चित्रात

जिंतूर तालुक्यातलं चारठाणा हे जुन्या मंदिरांचं गाव. कोरीव शिल्पं, उंच दगडी स्तंभ, पायऱ्यांची बारव, सगळं घराशेजारी. पण कार्टून पाहणाऱ्या इथल्या पोरांना तोंडपाठ असतं ते ‘छोटा भीम’चं ढोलकपूर. त्या गावाला जिल्हा नाही, बोली नाही, दुष्काळ तर नाहीच.

कुटुंबानं मिळून पाहायच्या ॲनिमेशनपटांत संदेश असतोच: खरं बोला, जंगल वाचवा, एकीनं राहा. तेवढा ऐकला की आईबाप निर्धास्त होतात. पण मूल संवाद विसरतं, चित्र विसरत नाही. आपल्याकडे संदेश संवादात असतो आणि जुना साचा चित्रात.

2008 पासून चाललेला ‘छोटा भीम’ घ्या. भीम पराक्रम करतो, चुटकी त्याला लाडू पुरवते. दांडगाई करणाऱ्या मुलाचं नाव कालिया. सावळ्या पोराला वर्गात काय म्हणून चिडवतात, ते कुठल्याही गुरुजींना विचारा. ‘मोटू पतलू’मधल्या इन्स्पेक्टर चिंगमचं दाक्षिणात्य वळणाचं हिंदी हाच त्याच्यावरचा विनोद. असे हेल ऐकून हसायला शिकलेलं मूल उद्या मराठवाडी बोलीलाही हसेल. मग ती त्याच्या आजीची का असेना.

हा रोग आपल्यापुरता नाही. डिस्नेच्या ‘अलादिन’मधल्या (1992) गाण्याची एक ओळ अरब-अमेरिकनांच्या आक्षेपानंतर 1993 साली बदलली गेली. नायक-नायिका अमेरिकन उच्चारात बोलतात आणि दुष्टांचे उच्चार परके, हे मात्र तसंच राहिलं.

2025 सालच्या ‘महावतार नरसिंह’नं देशभर थिएटरं भरली. परभणी जिल्ह्यात, जिथं पोखर्णीचा नृसिंह कितीतरी घरांचं कुलदैवत आहे, ही कथा कुणाला सांगावी लागत नाही. या कथेतली मोठी गोष्ट अशी की प्रल्हाद असुराच्याच पोटी जन्मला. माणूस कुळावरून ठरत नाही, हे त्यात आलंच. पण प्रल्हाद नाजूक, मोठ्या डोळ्यांचा. बाप अजस्र आणि राकट. कथा सांगते एक, रेखाटन सांगतं दुसरंच.

हे टाळता येतं, आणि आपल्याच माणसांनी ते टाळून दाखवलं आहे. विजया मुळे यांच्या ‘एक अनेक और एकता’त (1974, ॲनिमेशन भीमसेन यांचं) जाळ्यासकट उडालेले पक्षी दिसले की एकी वेगळी समजवावी लागत नाही. त्याहून मला मोलाची वाटते राम मोहन यांनी युनिसेफसाठी घडवलेली कार्टूनमधली मुलगी, मीना. आंब्याच्या वाटणीच्या एका भागात मोठा वाटा भावाला, राजूला मिळतो. मग दोघं एक दिवस कामांची अदलाबदल करतात. मीनाची कामं उरकता उरकता राजूची दमछाक होते आणि तिलाही आपल्याइतकंच खायला मिळायला हवं, हे त्याचं त्यालाच उमगतं. इथं उपदेश करायला कुणी आजोबा लागत नाहीत. मीनाचा पोशाखही असा बेतला की दक्षिण आशियातल्या कुठल्याही देशात ती आपलीच वाटावी.

मराठीत काय आहे? 2018 चा ‘प्रभो शिवाजी राजा’ आठवतो. पुढची नावं आठवायला थांबावं लागतं. फाळक्यांनी काड्यापेटीतल्या काड्या पडद्यावर नाचवल्या त्याला शंभरावर वर्षं झाली, तरी शेळ्या राखून शाळेत जाणारी, ‘काय करायलीस?’ म्हणणारी मराठवाड्यातली सावळी पोरगी मोठ्या ॲनिमेशनपटाची नायिका झालेली मी पाहिली नाही. हे पैशाच्या अडचणीवर ढकलू नये. मीना रंगवायला हातानं काढलेली साधी चित्रं पुरली होती.

निर्मात्यांनी पटकथेइतकाच वेळ पात्रांच्या रंगाला, अंगकाठीला आणि बोलीला द्यावा. आणि आईबापांनो, पुढचं कार्टून मुलांबरोबर एकदा आवाज बंद करून पाहा. यातला वाईट माणूस कोणता आणि तो कशावरून ओळखला, एवढंच त्यांना विचारा.