क्रॅटमचे ९१ मृत्यू: एक छोटं टिपण नीट वाचताना

माझ्या सिनॉप्सिस सेमिनारच्या तिसऱ्या स्लाइडवर एकच आकडा होता: ९१. खाली बारीक अक्षरात ‘क्रॅटममुळे झालेले मृत्यू’. समितीतल्या एका मॅडमनी विचारलं, “शोधलं किती जणांत?” मी म्हटलं, २७,३३८. “ते मेले किती, ते सांगितलंस. क्रॅटम शोधलं किती जणांत?” मला उत्तर देता आलं नाही. डॉकयार्ड रोडला उतरून माझगावच्या घरी येईपर्यंत तोच प्रश्न डोक्यात होता. त्या रात्री मूळ टिपण पहिल्यांदा पूर्ण वाचलं. (हो, पहिल्यांदा. त्याआधी तो आकडा मी दुसऱ्या एका पेपरच्या प्रस्तावनेतून उचलला होता. हसू नका, तुमच्यातले बरेच जण आत्ता हेच करताहेत.)

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. क्रॅटम म्हणजे मित्रगायना स्पेसिओसा, थायलंड-मलेशियाकडचं झाड, कॉफीच्या कुळातलं. पानं चघळली की थोड्या मात्रेत तरतरी येते, जास्त मात्रेत अफूसारखा परिणाम होतो. आपल्या सह्याद्रीतला कळंब, म्हणजे मित्रगायना पार्विफोलिया, याचाच भाऊबंद. पण भाऊबंद म्हणून गुणही तेच असं धरू नका. प्रजाती बदलली की अल्कलॉइडं बदलतात. क्रॅटममधलं मुख्य अल्कलॉइड मित्रगायनीन. ते १९०७ साली वेगळं काढण्याचं श्रेय डेव्हिड हूपर यांना दिलं जातं. हे तेच हूपर, ज्यांनी मुंबईच्या विल्यम डायमॉक यांच्याबरोबर ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ लिहिलं. नाव मात्र १९२१ मध्ये एलेन फील्ड यांनी दिलं.

आता टिपणाकडे. अमेरिकेच्या सीडीसीच्या साप्ताहिकात एप्रिल २०१९ मध्ये ते आलं. २७ राज्यं, जुलै २०१६ ते डिसेंबर २०१७, अनवधानाने झालेले ओव्हरडोसचे २७,३३८ मृत्यू. त्यांपैकी १५२ जणांत क्रॅटम सापडलं, म्हणजे ०.५६ टक्के. या १५२ पैकी ९१ जणांत मृत्यूचं कारण ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने क्रॅटमला कारणांत धरलं. आणि फक्त क्रॅटमच सापडलं असे? सात. तिथेही लेखकांनी जोडलंय की इतर पदार्थ नव्हतेच असं म्हणता येत नाही. १५२ पैकी ६५.१ टक्के मृत्यूंत फेंटानिल हे एक कारण नोंदलेलं आहे.

लेखकांना मी दोष देणार नाही. शीर्षकातच त्यांनी ‘क्रॅटम आढळलेले’ असं म्हटलंय, ‘क्रॅटममुळे झालेले’ असं नाही. शवविच्छेदनानंतरच्या तपासणीची पद्धत नोंदलेली नव्हती आणि ती राज्याराज्यांत, एकाच राज्यातही वेगवेगळी होती, हेही त्यांनी लिहिलंय. मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं: किती जणांत शोधलं ते माहीतच नाही. नेहमीच्या लघवीच्या ड्रग-पट्टीवर क्रॅटम दिसत नाही. त्यासाठी मुद्दाम चाचणी लावावी लागते. ज्याच्या खोलीत हिरव्या पुडीचं पाकीट सापडलं त्याचीच ती चाचणी झाली असेल, तर ०.५६ हा आकडा क्रॅटमबद्दल कमी आणि तपास करणाऱ्याच्या संशयाबद्दल जास्त सांगतो. खरा आकडा मोठा असू शकतो. म्हणून ‘क्रॅटम निरुपद्रवी आहे’ म्हणणाऱ्यांनाही ही टक्केवारी वापरता येणार नाही. ही बाजू मला फार उशिरा दिसली.

माझी तक्रार दुसरी आहे. टिपणात रक्तातली मात्रा नाही. १५२ जणांत ‘सापडलं’, पण किती? अंशमात्र सापडणं आणि भरपूर सापडणं एकाच रकान्यात. शिवाय मृत्यूनंतर औषधं ऊतींतून रक्तात सरकतात, त्यामुळे कुठल्या शिरेतून नमुना घेतला हेही लागतं. ‘कारणांत धरलं’ हा शेवटी माणसाचा निर्णय आहे, आणि तो कशावर घेतला हे वाचकाला तपासता येत नाही.

याच्या शेजारी स्वीडनचा २०११ चा पेपर ठेवून बघा. ‘क्रिप्टन’ नावाच्या मिश्रणामुळे नऊ मृत्यू. रक्तात मित्रगायनीन ०.०२ ते ०.१८ मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम. पण त्याच रक्तात ओ-डेसमिथाइलट्रॅमॅडॉल, तेही ०.४ ते ४.३. हा ट्रॅमॅडॉलचा सक्रिय चयापचयी पदार्थ, कुठल्याच झाडात नसणारा, कुणीतरी मिसळलेला. फक्त पान शोधलं असतं तर नऊच्या नऊ मृत्यू पानाच्या नावावर लागले असते. इथे मात्रा दिलीय म्हणून आपल्याला वाद तरी घालता येतो.

आणि सोबत दुसरं औषध सापडलं म्हणून क्रॅटम सुटलं, असंही नाही. मित्रगायनीन यकृतातलं सीवायपी २डी६ हे विकर अडवतं, आणि बरीच औषधं त्याच विकरावर अवलंबून असतात. शरीरात त्याचं ७-हायड्रॉक्सीमित्रगायनीन बनतं, जे जास्त जोरकस आहे. ताज्या पानात ते फारच कमी असतं, पण काही विकाऊ मालात ते जास्त सापडलेलं आहे. तेव्हा पान चघळणारा थाई शेतकरी आणि अर्काची बाटली पिणारा माणूस एकाच तक्त्यात टाकणारा पेपर दिसला, की पेन्सिल हातात घ्या.

प्रयोगशाळेची अडचण वेगळीच. स्पेसिओगायनीन, स्पेसिओसिलिएटीन, मित्रसिलिएटीन ही मित्रगायनीनची भावंडं. रेणुसूत्र तेच, वस्तुमान तेच, अवकाशातली रचना तेवढी वेगळी. वस्तुमान-वर्णपटाला फरक कळत नाही. आधी क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभात ती वेगळी करावी लागतात. पद्धतीच्या भागात ती वेगळी केल्याचा उल्लेख नसेल, तर छापलेली मित्रगायनीनची मात्रा कदाचित तिघाचौघांची बेरीज असेल.

माझ्या घराजवळच्या जे.जे.च्या शवविच्छेदन केंद्रातून व्हिसेरा कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो. तिथलं असो की कुठलंही, अहवालात ‘आढळले नाही’ लिहिलेलं दिसलं की मी आता यादी मागते: काय काय शोधलं होतं?

तिसरी स्लाइड बदलली. आता तिथे चार आकडे आहेत: २७,३३८, १५२, ९१, ७. पहिल्या दोघांच्या मधे मी एक रिकामा चौकोन काढलाय. पुढच्या सादरीकरणात मॅडमनी तो बघितला, मान हलवली आणि विचारलं, “हा चौकोन भरायला तू काय करणार?” त्यावर सध्या दुसरं प्रकरण लिहितेय.